कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवा, पण चिपळूणही बघा

कोयना धरणाचं जादा पाणी पुरात वीजनिर्मिती करून पश्चिमेला, कोकणात सोडावं, अशी सूचना एका लेखात वाचली; सांगलीकर म्हणून ती मला पटते. २०१९च्या पुरात आमच्या घरात पाणी होतं. पण पोफळीच्या वीजगृहातल्या यंत्रांतून गेलेलं पाणी शेवटी चिपळूणच्या वाशिष्ठी नदीला मिळतं आणि २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं होतं! शिवाय आमच्या बाजूला, धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून जेमतेम २१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सुटतं, बाकी सगळा भार सांडव्याच्या वक्री दरवाजांवर. १०५ टीएमसीचं (अब्ज घनफूट) धरण ऑगस्टच्या सुरुवातीलाच काठोकाठ भरलं, की येईल तेवढं पाणी सोडण्याशिवाय पर्यायच उरत नाही. म्हणून जुलैअखेर धरणात ठरावीक जागा रिकामी ठेवाच. त्यामुळे येणारी विजेची तूट शासनाने भरून द्यावी, आणि विसर्गाचा इशारा कऱ्हाड, सांगली, चिपळूण तिघांनाही आधी मिळावा.