जोसेफ ब्लॅकलाही विचारलं असतं, पेपर किती?

मैत्रिणीचं प्रमोशन पुन्हा लटकलं. आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, दुसऱ्या तुकडीची पोरंही तिच्या तासाला येऊन बसतात. समितीला मात्र एवढंच हवं होतं : "मॅडम, पेपर किती?" म्हणजे छापून आलेले शोधनिबंध किती. डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

बसवा त्या समितीपुढे जोसेफ ब्लॅकला, अठराव्या शतकातल्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाला. १७५४ चा एडिंबरातला त्याचा प्रबंध मॅग्नेशिया नावाच्या पांढऱ्या भुकटीवर. भाजल्यावर वजन घटतं ते का, हे त्याने तराजूने शोधलं. आत अडकलेला एक वायू उडून जातो, आणि तो साध्या हवेहून वेगळा असतो. तोच आपला कार्बन डायऑक्साइड. हे १७५६ मध्ये छापूनही आलं. एक पेपर झाला, चला.

पण अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता वितळण्यात-उकळण्यात खर्ची पडणारी उष्णता? ग्लासगोत त्याने दोन सारखी भांडी घेतली. एकात गोठायच्या बेतातलं पाणी, दुसऱ्यात बर्फ. पाणी अर्ध्या तासात ४० अंश फॅरनहाइटवर गेलं. बर्फाला वितळून तिथवर यायला साडेदहा तास! मधली सगळी उष्णता नुसतं वितळण्यात गेली. एवढा मोठा शोध, आणि या गृहस्थाने तो वर्गात शिकवला, छापला नाहीच. १७९९ मध्ये वारला. व्याख्यानांचं पुस्तक निघालं १८०३ मध्ये, तेही त्याचा विद्यार्थी जॉन रॉबिसनने काढलं म्हणून.

आमच्या बारावीच्या सरांनी हेच दाखवलं होतं. बीकरमध्ये बर्फ, थर्मामीटर, खाली स्पिरिटचा दिवा. "पारा हलला की ओरडा," म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. आख्खा वर्ग शून्यावर डोळे लावून. सरांचे पेपर? शून्यच.

बरं, न छापण्याचा तोटा होतो, मान्य. स्वीडनचा शास्त्रज्ञ विल्के याने स्वतंत्रपणे तेच शोधून १७७२ मध्ये छापलं. पण ब्लॅकची व्याख्यानं विद्यार्थ्यांच्या वह्यांमधून फिरतच होती की! नायट्रोजन वेगळा काढणारा डॅनियल रदरफर्ड त्याचाच विद्यार्थी. वाफेत एवढी उष्णता येते कुठून, हे वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटला कळेना, तेव्हा उलगडा ब्लॅकनेच केला. (इंजिनाचं श्रेय त्याला देऊ नका, वॉटलाच ते पटत नव्हतं.) हे कुठल्या रकान्यात भरायचं, सांगा ना.

सरांच्या त्या वर्गातले किती जण पुढे रसायनशास्त्राकडे वळले, कोणी मोजलं नाही. माझी ही मैत्रीण त्यातलीच. मघाशी फोन केला तर रडत वगैरे नव्हती, उद्याच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट कमी पडतायत म्हणून वैतागली होती. समितीतल्या कुणाला यायचं असेल तर या. मागच्या बाकावर जागा असते.