गॅसचं बिल वाचेल म्हणून खिडक्या बदलू नका

ऑक्टोबर लागला की कॅनडात टोरांटो परिसरातल्या ब्रॅम्प्टन, मिसिसागा, स्कारबरोतल्या घरांच्या बेल वाजायला लागतात. दारात टॅब्लेट घेतलेला मुलगा. "खिडक्या जुन्या झाल्यात, बदलल्या तर हीटिंगचं बिल निम्म्यावर येईल." खिडक्या जुन्या असतील, बदलायच्याही असतील. पण बिलाचं ते गणित काही बसत नाही.

करूनच बघा. 80-90च्या दशकातल्या घरात बहुधा साधी दुहेरी काच असते. तिचा यू-फॅक्टर, म्हणजे उष्णता किती निसटते त्याचा आकडा (जितका कमी तितका बरा), 2.8च्या आसपास, नव्या चांगल्या खिडकीचा 1.6 धरू. फरक 1.2. खिडकी दीड चौरस मीटरची आणि टोरांटोचा हिवाळा साधारण 3,700 डिग्री-डे, म्हणजे वर्षभरातल्या थंडीची बेरीज. हे तिन्ही एकमेकांशी आणि 24 तासांनी गुणून हजाराने भागलं की वर्षाला एका खिडकीमागे 160 युनिटच्या आसपास ऊर्जा वाचते. चांगल्या फर्नेसला, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीला, त्यासाठी 16 घनमीटर गॅस लागतो. घनमीटरला 50 सेंट धरले तर झाले 8 डॉलर. बारा खिडक्यांचे शंभरही होत नाहीत. फटीतून येणारा वारा बंद झाला म्हणून दुप्पट धरा, 200 डॉलर. खर्च किती? विनाइलची, क्रँक फिरवून उघडणारी केसमेंट खिडकी मजुरीसकट साधारण 1,000 ते 1,800 डॉलर, त्यावर 13 टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर. बारा खिडक्या कितीही घासाघीस केली तरी पंधरा हजारांच्या खाली क्वचितच येतात. म्हणजे पैसे वसूल व्हायला पाऊणशे वर्षं. त्यात एप्रिल 2025पासून गॅसवरचा कार्बन आकारही गेला, म्हणजे वाचणारी रक्कम आणखी घटली.

मग बदलायच्या कधी? चौकट कुजली असेल, पल्ला नीट बसत नसेल, पाणी आत येत असेल, किंवा खिडकीशेजारच्या खुर्चीत जानेवारीत बसवत नसेल तेव्हा. ही कारणं खरी आहेत. आराम विकत घ्यायला हरकत नाही, त्याला बचत म्हणू नये एवढंच.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा. वारा असलेल्या दिवशी सगळी दारं-खिडक्या लावून घ्या, स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा एक्झॉस्ट सुरू करा आणि पेटती उदबत्ती खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवा. पडद्यापासून लांब, कृपा करून. धूर पल्ला आणि चौकटीच्या मध्ये हलला तर रबरी पट्टी, म्हणजे वेदरस्ट्रिप, गेली आहे. ती बदलायला फार खर्च येत नाही. पण पुष्कळदा धूर हलतो तो भिंतीला लागून असलेल्या लाकडी केसिंगपाशी. त्याचा अर्थ खिडकी ठीक आहे, तिच्या भोवतीची पोकळी मोकळी आहे. जुन्या घरांत तिथे नुसती काचलोकर कोंबलेली असते, आणि काचलोकर वारा अडवत नाही, नुसती गाळते. केसिंग हलक्या हाताने काढायचं, लोकर ओढून काढायची, खिडकीचा फोम भरायचा, केसिंग परत ठोकायचं. एक शनिवार आणि फोमचे दोन-तीन डबे.

दोन काचांच्या मध्ये धुकं धरलं असेल, पुसूनही जात नसेल, तर काचांचं सील फुटलंय. अशा वेळी अख्खी खिडकी काढायला सांगणाऱ्याला नम्रपणे चहा पाजून निरोप द्या. चौकट धड असेल तर फक्त काचेचं युनिट बदलता येतं, आकारानुसार साधारण 200 ते 400 डॉलरमध्ये. नव्या युनिटमध्ये लो-ई लेप (उष्णता परत आत परतवणारा) आणि आर्गॉन वायू मागून घ्या. नव्या खिडकीचा बराचसा फायदा तिथेच मिळतो.

टोरांटोच्या कॅबेजटाउनसारख्या वारसा भागातल्या जुन्या लाकडी खिडक्यांची गोष्ट वेगळी. रस्त्याकडची खिडकी बदलायला शहराची परवानगी लागते. आणि एकेरी काचेवर बाहेरून चांगली स्टॉर्म विंडो, म्हणजे जादा काचेची खिडकी, बसवली तर ती जवळजवळ दुहेरी काचेचं काम करते. काँडोत, म्हणजे स्वतःच्या फ्लॅटमध्ये, राहत असाल तर खिडक्या बहुधा सामाईक मालमत्तेत येतात. कुठेही सही करण्याआधी काँडो कॉर्पोरेशनला, म्हणजे तिथल्या सोसायटीला, विचारा.

आता समजा, बदलायच्याच ठरल्या. इथे लोक काचेवर वाद घालत बसतात आणि पैसे बुडतात बसवण्यात. पद्धती दोन. पहिली रेट्रोफिट: जुनी लाकडी चौकट तशीच ठेवून तिच्या पोटात नवी बसवतात. स्वस्त, झटपट, पण काच लहान होते आणि जुन्या चौकटीखालची कूज तशीच राहते. वर ॲल्युमिनियमचं कॅपिंग, म्हणजे पातळ पत्र्याचं आवरण, चढवलं की बाहेरून चकाचक. दुसरी फुल-फ्रेम, ज्याला इथले कामगार ब्रिक-टु-ब्रिक म्हणतात: विटांपर्यंत सगळं उखडून काढायचं. लाकूड स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक मऊ केकसारखं आत गेलं तर रेट्रोफिटचा विषय संपला.

फुल-फ्रेममध्ये चौकट काढल्यावर खालचं लाकूड उघडं पडतं. तिथे कुजलेला भाग बदलून, त्यावर चिकट मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, कोपऱ्यांत वर वळवून आणि बाहेरच्या बाजूला उतार देऊन लावायला हवी. कारण पाणी कधी ना कधी आत येणारच, ते बाहेर जायला वाट पाहिजे. मग शिम, म्हणजे पातळ पाचरी, घालून चौकट लेव्हलमध्ये. चारही बाजूंना साधारण अर्धा इंच जागा. त्यात कमी फुगणाराच फोम. साधा फोम भरला तर तो फुगून चौकटीला पोट आणतो आणि महिन्याभरात पल्ला घासायला लागतो. मग ग्राहक खिडकीला शिव्या घालतो. बाहेरच्या सांध्यात बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, घालून मगच कॉकिंग, म्हणजे सांधा बुजवणारा लेप. नुसता सिलिकॉनचा जाड लेप तीन बाजूंना चिकटतो आणि विटा-विनाइल थंडीत आकसले की फाटतो. कॅनडात बसवण्याचं मानक सीएसए ए440.4 आहे. करारात 'या मानकाप्रमाणे' एवढे शब्द घालून घ्या. कुरकुर करणारा कंत्राटदार तिथेच कळतो.

प्रत्येक खिडकी उघडणारी कशाला हवी? फिक्स खिडकी स्वस्तही आणि हवाबंदही. उघडणारी हवी तिथे सरकत्यापेक्षा केसमेंट बरी, कारण ती बंद करताना रबरी गॅस्केटवर दाबली जाते. फक्त बेडरूम सांभाळा. आगीच्या वेळी बाहेर पडायला 0.35 चौरस मीटर मोकळी जागा लागते आणि तिची कुठलीही बाजू 380 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. ऊर्जा वाचवणाऱ्या मालावरच्या एनर्जी स्टार शिक्क्यासाठी ईआर (एनर्जी रेटिंग, जितकं जास्त तितकं बरं) 34 किंवा यू-फॅक्टर 1.22 यांपैकी एक पुरतं. ईआरमध्ये आत येणाऱ्या उन्हालाही गुण मिळतात. दक्षिणेला ते उत्तम, पण पश्चिमेच्या बेडरूममध्ये हीच काच जुलैत भट्टी पेटवते. तिथे यू-फॅक्टर पाहून, ऊन कमी घेणारी काच घ्या.

भावाचं नाटक ठरलेलं असतं. आधी 28,000, मग 'मॅनेजरला फोन', मग 'आजच सही केली तर' 17,000. खरा भाव 17,000 तरी आहे का, हे दुसरी दोन कोटेशन घेतल्याशिवाय कळत नाही. ऑन्टॅरिओ प्रांतात फर्नेस, एसी, वॉटर हीटर दारोदार विकायला 2018पासून बंदी आहे. खिडक्या त्या यादीत नाहीत. मात्र घरी बसून केलेला करार लेखी प्रत मिळाल्यापासून 10 दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. 'लाइफटाइम वॉरंटी' बहुधा विनाइलवर असते. मजुरीची वॉरंटी किती वर्षं, ते वेगळं लिहून घ्या.

नव्या खिडक्यांना पहिल्याच थंडीत आतून घाम आला म्हणून घाबरू नका. घर हवाबंद झालं, कुकरची वाफ आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी आता बाहेर पडत नाही. उणे 20च्या आसपास आतली आर्द्रता 30 टक्क्यांच्या वर ठेवू नका, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालू ठेवा, आणि खिडकीखालच्या हीटिंगच्या जाळीवर सोफा ढकलू नका. ती गरम हवा काचेवरून जावी म्हणूनच जाळी तिथे ठेवलेली असते.

शेवटचा हप्ता देण्याआधी अर्धा तास काढा. प्रत्येक पल्ला उघडून लावा. कागदाची पट्टी मध्ये धरून बंद करा. ती सहज ओढून निघाली तर तिथे दाब नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे यायला हवेत. आणि बाहेर जाऊन खाली वाका: चौकटीच्या तळाशी पाणी जाण्याची बारीक भोकं असतात, कॉकिंगच्या भरात कामगार तीच बुजवून टाकतात. बुजली असतील तर त्यांच्यासमोरच मोकळी करून घ्या.