वीज गेली की हे सोलरही बंद पडतं

चर्चच्या छतावर सोलर बसल्यामुळे ‘आता लाईट गेली तरी मिस्सा अंधारात होणार नाही’ असं चर्चच्या सोलरवरच्या लेखात म्हटलंय. हे चुकीचं आहे आणि दुरुस्त व्हायलाच हवं, कारण मुंबईतल्या इतर पॅरिश (चर्चचे स्थानिक समुदाय) हे वाचून खर्चाचा अंदाज बांधतील. नेट मीटरिंगचा (जास्तीची वीज बाहेरच्या लाइनला देऊन बिलातून वळती करण्याच्या सोयीचा) साधा ग्रिड-टाय इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं, बाहेरच्या लाइनला जोडलेलं यंत्र, बाहेरची वीज गेली की आपोआप बंद होतो, भर उन्हातसुद्धा. तो बंद व्हावाच लागतो, नाहीतर छतावरची वीज उलट लाइनवर जाऊन दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. दिवे, पंखे, माइक चालू हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी घ्या, आणि तेवढ्यांचंच सर्किट वेगळं काढा. एसी त्यावर नको.

चर्चच्या मनोऱ्याची सावली पॅनेलवर पडते, त्याचा तर लेखात उल्लेखच नाही! मुंबईत डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेमतेम ४७ अंश वर असतो. म्हणजे १५ मीटरच्या मनोऱ्याची सावली उत्तरेला सुमारे १४ मीटर जाते. ती जागा सोडा. नाइलाज असेल तर तिथल्या पॅनेलना मायक्रोइन्व्हर्टर (प्रत्येक पॅनेलचा वेगळा छोटा इन्व्हर्टर) लावा, म्हणजे सावलीतलं पॅनेल बाकीच्यांना मागे ओढणार नाही. चर्चचा परिसर झाडणाऱ्या तरुणांनी पॅनेलही धुवावीत, कारण कबुतरांची विष्ठा सुकून बसली की त्याखालचा सेल तापून खराब होतो. सकाळी लवकर, काच गार असताना, मऊ फडक्याने. बोअरचं खारं पाणी वापरू नका, पांढरे डाग बसतात.