‘तिकडं मेला, विषय संपला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे सोलापूरच्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पूर्व भागातल्या आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तर तो चार वेळा आला. मजकूर थोडक्यात असा : परदेशात आपल्या माणसाचं बरंवाईट झालं तर तिथल्या पोलिसांनी लिहिलं तेच अंतिम. आपल्या वकिलातीला काही अधिकारच नाहीत. इथले पोलीस हद्दीबाहेरचा गुन्हा नोंदवूच शकत नाहीत. मृतदेह आणायचा खर्च घरच्यांनाच करावा लागतो. म्हणून मागतील तिथं सह्या करा, एजंटाशी वाकडं घेऊ नका आणि माती लवकर उरका.

ज्यानं हे लिहिलं त्याचा संताप मला कळतो. कोर्टाजवळ बसून लोकांचे अर्ज लिहून देणं हे माझं रोजचं काम. वकिलातीला फोन करून करून थकलेली आणि ठाण्यातल्या बाकावर दिवस काढलेली माणसं मी पाहतो. पण हा मेसेज त्या माणसांच्या हातात शेवटी जे उरतं, तेही काढून घेतो.

आमच्या मागच्या आळीतल्या एका वहिनींचा नवरा आखातात वेल्डर होता. ‘वरून पडला’ एवढाच निरोप आला आणि दुसऱ्या दिवशी एजंटानं मोबाइलवर एक कागद धाडला. मांडीवरचं विड्यांचं सूप तसंच खाली ठेवून त्या धावत आल्या. बोटांना तंबाखूची भुकटी तशीच. “भाऊ, सही दिली तर बॉडी लवकर येतंय म्हणलालेत ओ.” कागद इंग्रजीत होता. वरच्या ओळींत मृतदेह भारतात पाठवायला संमती होती, ती लागतेच. त्याखाली मात्र लिहिलेलं : मृत्यूबद्दल आमचा कुणावर संशय नाही, कंपनीकडून कसलंही येणं नाही, पुढं कुठलाही दावा करणार नाही. तीन गोष्टी आणि खाली एकच सही! आम्ही फक्त संमतीचा कागद वेगळा टाइप करून घेतला, नोटरी केला आणि तोच पाठवला. मृतदेह आला. मेसेजच्या सल्ल्यानं वागलो असतो तरीही तो आलाच असता, पण वहिनींचे हात कायमचे बांधले गेले असते.

आता ‘तिथल्या पोलिसांनी लिहिलं तेच अंतिम’ हे घ्या. ते त्यांच्या देशात अंतिम असेल. मृतदेह इथं आला की अंत्यविधीआधी ठाण्यात लेखी अर्ज देऊन पंचनामा आणि पुन्हा शवविच्छेदन मागता येतं. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या कायद्याचं, कलम १९४ आहे. मृतदेह टिकवायला जी रसायनं भरतात त्यांच्यामुळे विषाच्या तपासणीत अडचण येते, हे खरं. पण मोडलेलं हाड आणि मारल्याच्या खुणा सहसा लपत नाहीत. माती उरकली की हा मार्ग जवळजवळ बंदच होतो. मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला मला हाच वाटतो.

‘वकिलातीला अधिकारच नाहीत’ यात निम्मं खरं आहे. वकिलातीचा अधिकारी दुसऱ्या देशात तपास करू शकत नाही, कुणाला तुरुंगातून सोडवून आणू शकत नाही. पण १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानं त्याला अटकेतल्या आपल्या नागरिकाला भेटायचा आणि वकील मिळवून द्यायचा हक्क आहे. ३७ वं कलम सांगतं की परदेशी नागरिकाचा मृत्यू झाला तर तिथल्या सरकारनं विनाविलंब त्याच्या वकिलातीला कळवायचं. सांगलीत जन्मलेल्या आणि पाकिस्तानच्या कैदेत असलेल्या कुलभूषण जाधवांसाठी आपला देश याच ३६ व्या कलमावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १७ जुलै २०१९ ला पाकिस्ताननं करार मोडल्याचा निकाल मिळवला. हेगमध्ये ज्या हक्कासाठी आपण उभे राहिलो, त्याच हक्काचा देश वेल्डरच्या बायकोला फोनवर ‘उद्या करा’ म्हणतो, हे मला सहन होत नाही. वहिनींनी अकरा वेळा फोन केला. एकदा उचलला, तेव्हा पलीकडून इंग्रजीत विचारलं, फाइल नंबर काय? तो नंबर त्यांना कुणी दिलेलाच नव्हता.

म्हणून फोनवर विसंबू नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. ते २०१५ पासून सुरू आहे, तिथं क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक धरून वर जाता येतं. शिवाय परदेशातल्या भारतीय वकिलातींनाही माहितीचा अधिकार लागू आहे. पोलीस अहवाल कधी मागवला, कुणी मागवला, काय उत्तर आलं, हे विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत.

‘इथले पोलीस गुन्हा नोंदवूच शकत नाहीत’ हे साफ खोटं आहे आणि दुर्दैवानं ते ठाण्यातच सर्वांत जास्त ऐकायला मिळतं. भारतीय नागरिकानं परदेशात गुन्हा केला तर त्याची दखल इथं घेता येते. जुन्या कायद्यात ते कलम १८८ होतं, आता २०८ आहे. पुढं खटला चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते. तपासाला ती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलंय. मालक परदेशी असेल तर या कलमाचा उपयोग नाही, हे मान्य. पण एजंट, सुपरवायझर, खोलीतले सोबती यांतले कितीतरी जण आपल्याकडचेच असतात. आणि एजंटानं पैसे नव्या पेठेत बसून घेतले असतील, तर ती फसवणूक सोलापुरातच झाली! तिथं हद्दीचा प्रश्न येतोच कुठं?

वहिनींना ठाण्यात उत्तर मिळालं, “पैशाचा व्यवहार दिसतोय, दिवाणीत जा.” त्या वेळी एजंट आत चहा घेत बसला होता. मी बाहेर बाकावर होतो, डोळ्यांनी पाहिलं. तक्रारदाराचं तोंड बघून तपास कुणीकडं न्यायचा ते ठरतं, ही चीड खोटी नाही. ज्या गावात चार हुतात्म्यांचे पुतळे उभे आहेत, त्या गावाला हे वेगळं सांगायला नको. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून त्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. तपास सत्तेच्या सोयीनं चालला की काय होतं, हे आपण दर जानेवारीत आठवतो.

पण ‘नोंदवत नाहीत’ आणि ‘नोंदवू शकत नाहीत’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगितलं. नव्या संहितेत तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आहे, पण ती वरिष्ठांच्या परवानगीनं, आणि तिचा अर्थ टोलवाटोलवी असा होत नाही. ठाण्यानं नकार दिला तर तक्रार पोस्टानं वरिष्ठांकडं पाठवायची, शहरात आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात अधीक्षकांकडं. तरीही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जायचं. पोस्टाची पावती जपून ठेवा. पुढं न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं पहिल्यांदा तीच दाखवावी लागते.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. दहावी न झालेला कामगार आखातात रीतसर परवानगीनं गेला असेल, तर त्याचा प्रवासी भारतीय विमा असतोच, अपघाती मृत्यूला १० लाख. त्याच्या करारात मृतदेह पाठवायचा खर्च मालकावर असतो. मालकानं हात वर केले आणि घरची ऐपत नसेल तर वकिलातीकडं भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, २००९ पासून. तो कुणाची खैरात नव्हे. तिथल्या भारतीयांकडून पासपोर्टच्या वगैरे कामावर थोडं थोडं शुल्क घेऊन तो जमतो. म्हणजे वहिनींच्या नवऱ्यानं तिथं पासपोर्ट नवा करून घेतला, तेव्हा त्यात त्याचेही पैसे पडले.

राहिला एजंट. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. वहिनींनी दीड लाख दिले, त्यातले निम्मे मंगळसूत्र गहाण टाकून. आणि नवऱ्याला पाठवलं होतं टुरिस्ट व्हिसावर, म्हणजे विमा नाही, रीतसर करारही नाही. मेसेज ज्याच्याशी वाकडं घेऊ नका म्हणतो, तो हा माणूस.

वहिनींची तक्रार पोस्टानं वर गेल्यावर नवव्या दिवशी नोंदली गेली. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तक्रारदाराला कळवणं नव्या संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. नव्वदावा दिवस येत्या गुरुवारी आहे आणि अजून ठाण्यातून एक शब्द आलेला नाही. अर्ज मी लिहून ठेवलाय, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय वहिनी ठाण्यातून उठणार नाहीत.