दिव्या देशमुखचा किताब सवलतीतला नाही

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबरच ती ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबाची मानकरी झाली. तेव्हापासून समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा, की तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी ठरावीक स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी) नव्हता आणि रेटिंगही (खेळाच्या ताकदीचा गुणांक) 2500 नव्हते, तरी महिला म्हणून तिला सवलतीत किताब मिळाला. अंतिम फेरीत भारताच्याच कोनेरू हंपीने चूक केली म्हणून नशिबाने विजय पदरात पडला. आणि ही खेळाडू एका स्पर्धेपुरतीच चमकली. यातली नॉर्मची आणि रेटिंगची माहिती खरी आहे, आणि तिच्याच आधाराने बाकीचे दावे लोकांच्या गळी उतरतात.

सहसा ग्रँडमास्टर होण्यासाठी तीन नॉर्म आणि 2500 रेटिंग लागते, हे बरोबर आहे. परंतु काही निवडक स्पर्धांच्या विजेत्यांना थेट किताब देण्याची तरतूद जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत आहे, आणि ती केवळ महिलांसाठी नाही. खुल्या गटातल्या (ज्यात पुरुष आणि महिला दोघेही खेळू शकतात) 20 वर्षांखालील जगज्जेत्यालाही असाच थेट किताब मिळतो आणि त्याला कोणी सवलत म्हणत नाही. ‘महिला ग्रँडमास्टर’ हा वेगळा आणि कमी कसोटीचा किताब दिव्याला 2021 मध्येच मिळाला होता. बातुमीत मिळाला तो विश्वनाथन आनंदकडे आहे तोच.

नशिबाच्या दाव्याला आधार म्हणून दिव्याचेच वाक्य दिले जाते. किताब अशा रीतीने मिळणे ही नियतीच होती, असे ती विजयानंतर म्हणाली होती. नुकतीच आईला मिठी मारून रडलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचे ते भारावलेले बोल होते. त्यावरून तिच्या खेळाचा हिशेब मांडणे मला अन्यायाचे वाटते. हिशेब मांडायचा तर पटावरचा मांडावा. पंधरावे मानांकन असलेल्या दिव्याने दुसऱ्या मानांकित जू जिनेरला आणि नंतर भारताच्याच द्रोणावल्ली हरिकाला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या कमी वेळाच्या डावांत हरवले. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी समोर होती. तिच्याविरुद्धचा निर्णायक डाव 101 चालींपर्यंत लांबला आणि दिव्याने तो जिंकला. इतके तास एकाग्रता टिकवणे दैवाच्या हाती नसते.

अंतिम फेरीतले पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यावर 28 जुलैला जलद, म्हणजे कमी वेळाचे डाव झाले, आणि इथेच त्या मजकुरात एक महत्त्वाची गोष्ट गाळलेली आहे: हंपी ही 2019 आणि 2024 अशी दोनदा जलद बुद्धिबळातली जगज्जेती आहे. म्हणजे सामना हंपीच्या हुकमी प्रकारात गेला होता. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती, म्हणजे पहिली चाल हंपीची होती. हंपीचे घड्याळ संपत आले, तिची चूक झाली, पुढे अंत्यपर्वात, म्हणजे पटावर थोडीच मोहरी उरली असताना, दिव्याकडूनही चूक झाली आणि हंपीला बरोबरीची संधी मिळाली. अखेर 75 चालींनंतर दिव्या जिंकली. हंपीने चूक केली हे खरेच आहे, पण समोरचा चुकेल इतकी वेळेची आणि पटावरची अडचण त्याच्यापुढे उभी करणे हाच जलद बुद्धिबळाचा खेळ आहे. उलट हा दावा करणारे हंपीचाही अपमान करतात, कारण जणू ती आपण होऊनच हरली, असे त्यातून सुचवले जाते.

एका स्पर्धेपुरती चमक, हे म्हणणे तर मुळातच टिकत नाही. 2014 मध्ये डर्बनला ती दहा वर्षांखालील जगज्जेती झाली, 2017 मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालील. 2023 मध्ये अल्माटीत तिने आशियाई महिला विजेतेपद मिळवले. 2024 मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद 11 पैकी 10 गुणांनी जिंकले. आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या जागतिक स्पर्धेत, पुण्याचे अभिजित कुंटे कर्णधार असलेल्या भारतीय महिला संघाने सुवर्ण मिळवले तेव्हा दिव्याने तिसऱ्या पटावर 11 पैकी 9.5 गुण घेऊन वैयक्तिक सुवर्णही पटकावले.

किताब मिळाल्यानंतर, सप्टेंबर 2025 मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेत ती महिला गटाऐवजी खुल्या गटात खेळली. तिथे तिने इजिप्तचा ग्रँडमास्टर बासेम अमीनला हरवले आणि जगज्जेता गुकेशला बरोबरीत रोखले.