टिक आधीच लावलेली!

बसचं तिकीट काढायचं, एवढंच काम. पण शेवटच्या पानावर विमा आपोआप जोडलेला, वर कुठल्याशा संस्थेला देणगी. दोन्हींपुढे टिक आधीच हजर! काढायला जावं तर करड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘नको, मी धोका पत्करतो.’ अरे, पुण्याहून कोल्हापूरला चाललोय, एव्हरेस्टवर नाही!

आणि याला मनाई आहे बरं का. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ ‘डार्क पॅटर्न’वर, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला गंडवणाऱ्या युक्त्यांवर, बंदी घातली. न विचारता यादीत वस्तू घुसडणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, ‘शेवटच्या दोनच सीट’ अशी खोटी घाई, सुरू करायला सोपं पण बंद करायला महाकठीण सदस्यत्व... सगळं त्यात आहे. ती यादी म्हणजे माझ्या फोनमधल्या ॲप्सचं हजेरीपुस्तकच. मग थांबलं का? छे!

बड्या धेंडांचं तर बोलायलाच नको. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणात (फोनमध्ये स्वतःचीच ॲप्स आधीपासून लादल्याबद्दल) गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. आपण टाळ्या पिटल्या. दंड जातो सरकारी तिजोरीत. फोन घेणाऱ्याला त्यातला छदामही नाही. अशा बड्या कंपन्यांना आधीच वेसण घालणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, त्यावर नुसता काथ्याकूट.

आम्ही काय करायचं? १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायचा म्हणे. पंधरा-वीस रुपयांच्या विम्यासाठी तक्रार नोंदवत कोण बसणार? आणि कंपनीला नेमकं हेच पक्कं ठाऊक असतं.