लाइटहाऊसवर काय पाठवायचं असतं?

सोलापुरातून कुणी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघालं की पिशवीत काय जाणार हे आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. शेंगाचटणी, पण कोरड्या डब्यात, पाण्याचा हात न लागलेली. कडक भाकरी पुरत्या वाळलेल्या, नाहीतर बुरशी धरतात. शिवाय तिसऱ्याच कुणाच्या घरी द्यायची एक पुडी, दोनदा नाव सांगून दिलेली. ही यादी कुठं लिहिलेली नसते, घरातल्या एका बाईच्या डोक्यात असते.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फच्या ‘टू द लाइटहाऊस’ (१९२७) या कादंबरीच्या तिसऱ्या भागात ती बाई नाही. दहा वर्षांनी कुटुंब समुद्राकाठच्या घरी परत आलंय, दीपगृहाकडे होडी निघायचीय, सगळ्यांना उशीर झालाय. मुलगी नॅन्सी दारात येऊन विचारते, लाइटहाऊसवर काय पाठवतात? कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या भागात आईला, म्हणजे मिसेस रॅम्सेला, सगळं ठाऊक होतं. तिथल्या रखवालदाराच्या पोराच्या खुब्याला क्षयाची धास्ती आहे, त्याच्यासाठी ती मोजा विणते. सहा वर्षांच्या जेम्सच्या पायाला लावून मापते, तर आखूड भरतो. सोबत जुनी मासिकं आणि तंबाखू द्यायचं तिच्या मनात असतं.

पुस्तकाबद्दल नेहमीची तक्रार अशी, की आई मरते आणि लेखिका एका वाक्यात उरकते. ‘श्यामची आई’च्या ४२ रात्रींवर वाढलेल्या वाचकाला हे खटकणारच. पण ते वाक्य नीट बघा. ते दुसऱ्या भागात, तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, चौकटी कंसात आहे. मिस्टर रॅम्से पहाटेच्या अंधारात बोळातून ठेचकाळत जातात, हात पुढे करतात आणि हात रिकामेच राहतात. बायको आदल्या रात्री वारली, हे वाक्याच्या पोटात येतं. मराठीत सांगताना आपण हमखास दोन वाक्यं करतो: आधी ‘ती वारली’, मग हात. तिथंच सगळं बिघडतं. मरण ही बातमी होते, आणि वुल्फला बातमी द्यायचीच नाही. आधी हात पुढे जायला हवेत.

मरणानंतरचं सगळं वुल्फनं एका शालीवर टाकलंय. मुलांच्या खोलीत भिंतीला डुकराची कवटी ठोकलेली असते. जेम्सला ती हवी, त्याच्या बहिणीला, कॅमला, कवटीच्या भीतीनं झोप येत नाही. आई अंगावरची हिरवी शाल काढून कवटीला गुंडाळते. मुलीला सांगते, हे पक्ष्याचं घरटं; मुलाला सांगते, कवटी आहे तिथंच आहे. एका कापडात दोघांची समजूत. पुढं दुसऱ्या भागात घर रिकामं पडतं आणि चौथ्या प्रकरणात त्या शालीचा एक वेढा सुटतो. सहाव्यात आणखी एक. मग लांबून हातोड्यासारखे दणके येतात, शाल अजून सैल होते आणि लगेच कंसात मुलगा अँड्र्यू फ्रान्सच्या आघाडीवर तोफगोळ्यानं मरतो. चादरीच्या गावातल्या वाचकानं ही शाल तरी नजरेतून सुटू देऊ नये.

वाचणारे बहुतेक पहिल्या पन्नास-साठ पानांत पुस्तक ठेवून देतात, कारण गोष्ट कधी सुरू होते याची वाट बघत बसतात. ती सुरू होत नाही. पहिला अख्खा भाग एका दुपार-संध्याकाळचा. एकाच वाक्यात विचार एकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात जातो, तिथं कोण बोलतंय हे शोधत थांबू नका. दुसरा भाग छोटा, दहा प्रकरणांचा. तो मात्र एका बैठकीत, आणि कंस न गाळता. घाईत कंस गाळणारे बरेच, त्यांना तिसऱ्या भागात आई कुठं गेली तेच कळत नाही!

वुल्फची स्वतःची आई ५ मे १८९५ला गेली, तेव्हा ती १३ वर्षांची होती. पुस्तक बाहेर आलं ५ मे १९२७ला. तरी हे पुस्तक रडत नाही. तिसऱ्या भागात म्हातारे रॅम्से सहानुभूती मागत चित्रकार पाहुणी लिलीपुढं उभे राहतात, तिला एक शब्द सुचत नाही, शेवटी ती त्यांच्या बुटांचं कौतुक करते आणि म्हातारा खुलतो. बायको असती तर बुटांवर वेळ आली नसती.

पुस्तक संपलं की पहिल्या भागाचं शेवटचं पान पुन्हा काढा. मिसेस रॅम्से मोजा गुडघ्यावर सपाट करते आणि नवऱ्याला सांगते, हा काही माझ्याच्यानं पुरा व्हायचा नाही.